एकवीस किलोमीटर आणि एक तिथी

माझी बायको बावन्नाव्या वर्षी धावायला लागली, तेव्हा मी तिला विचारलं होतं, "कोण लागलंय तुझ्या मागं?" हा विनोद मी पुढची पाच वर्षं न कंटाळता करत राहिलो. ती हसायची, बुटाच्या नाड्या बांधायची आणि पहाटे दार ओढून घेऊन निघून जायची. मी कूस बदलायचो.

माझ्या बाजूनं एवढंच सांगतो की मी चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात तीसेक वर्षं तपासणी विभागात होतो. दुसऱ्यानं केलेल्या कामातली खोट शोधायची आणि त्याचा पगार घ्यायचा, हेच माझं आयुष्य. अशा माणसाला घरातलं कुणी आनंदानं काही करताना दिसलं की त्याचा हात आपोआप मोजपट्टीकडे जातो. तिचे बूट महाग होते, वेग कमी होता, टोपी विचित्र होती. हे सगळं मी तिला वेळोवेळी कळवलं.

एकवीस किलोमीटरची शर्यत ती तीनदा धावली. तिन्ही वेळा आदल्या संध्याकाळी ती मला म्हणाली, "शेवटच्या रेषेशी येऊन उभे राहा की. साडेसातच्या सुमारास." पहिल्या वेळी माझा गुडघा दुखत होता. दुसऱ्या वेळी टीव्हीवर क्रिकेटचा सामना होता. तिसऱ्या वेळी काहीच नव्हतं, मी झोपलो होतो. मग तिला कॅन्सर झाला आणि चौथी वेळ आलीच नाही.

तिसरी शर्यत एका संस्थेच्या मदतीसाठी होती. बरं न होणाऱ्या रुग्णांच्या घरी ही संस्था नर्स पाठवते, आणि धावणाऱ्यांनी आपापल्या ओळखीच्या लोकांकडून तिच्यासाठी देणग्या मिळवायच्या असतात. बायकोनं माझ्या कारखान्यातल्या जुन्या मित्रांनाही सोडलं नव्हतं. दीड वर्षानं त्याच संस्थेची नर्स आमच्या दारात उभी राहिली. चपला बाहेर काढून, हात धुऊन ती सरळ बायकोच्या पलंगाशी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "कुठं दुखतंय ते आधी सांगा, बाकीचं नंतर." शेवटचे चार महिने ती येत राहिली. त्या चार महिन्यांत बायको घरीच राहिली, स्वतःच्या खिडकीतून कडुनिंबाचं झाड बघू शकली आणि तिच्या आईच्या हातचा रसमभात दोन घास का होईना, चवीनं खाऊ शकली. याचं श्रेय त्या नर्सचं आहे, आणि मी ते कुणापुढेही मान्य करतो, जी माझी सवय नाही.

बायको गेली ती दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे. तमिळ लोकांच्या मार्गळी महिन्याचा तो पहिला दिवस. या महिन्यात इथल्या बायका उजाडायच्या आत दारापुढं मोठाल्या रांगोळ्या काढतात, कोलम म्हणतात त्यांना, आणि देवळांच्या भोंग्यांवर स्तोत्रं सुरू होतात. तिला खाली आणलं तेव्हा बिल्डिंगच्या दारात ताजा कोलम होता. तो मोडू नये म्हणून खांदा देणारे बाजूनं वळले. स्मशानात वाध्यारनी, म्हणजे इथल्या भटजींनी, मला विचारलं, दिवस कुठला? मी म्हणालो, "मार्गळीचा पहिला." त्यांनी वहीत लिहून घेतलं. हे एक वाक्य मला वर्षभरानं चांगलंच भोवलं.

आम्हाला मूलबाळ नाही. अड्यारच्या फ्लॅटमध्ये मागं उरलो आम्ही दोघं, मी आणि माझी सासू. बायको तिला अम्मा म्हणायची म्हणून मीही अम्माच म्हणतो. वय ब्याऐंशी. तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातली, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली. मी तरुणपणी मिरजेहून नोकरीसाठी इकडे आलो आणि पुढं या घरचा जावई झालो, तेव्हा मायलेकींची मराठी ऐकून मला हसू आवरायचं नाही. त्या 'मला' म्हणायच्या नाहीत, 'मज' म्हणायच्या. "दरबारात आहेस का तू?" असं मी बायकोला चिडवायचो. अम्माला देवनागरी वाचता येत नाही. मराठी ती तमिळ अक्षरांत लिहिते. मला ती 'माप्पिळ्ळै' अशी हाक मारते, म्हणजे तमिळमध्ये जावई. बायको होती तोवर आमचं एकमेकांशी जे काही बोलणं व्हायचं ते तिच्यामार्फत. ती गेल्यावर लक्षात आलं की तीस वर्षं एका कुटुंबात राहून आम्ही एकमेकांशी सरळ असं बोललोच नव्हतो. जेवलात का, औषध घेतलंत का, पंखा बंद करू का, यातच पहिले सहा महिने गेले.

जुलैत एका संध्याकाळी वरच्या मजल्यावरची मुलगी आली. मुलगी म्हणजे तिशीची असेल. सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला जाते आणि कंपनीची बस यायच्या आधी पहाटे धावून येते. बायको तिच्याच ग्रुपमधली. "अंकल," ती म्हणाली, "जानेवारीच्या पहिल्या रविवारी संस्थेची शर्यत आहे. या वेळी आमचा सगळा ग्रुप आंटींसाठी धावणार. तुम्ही फक्त शेवटी येऊन उभे राहा."

मी म्हणालो, "बघतो."

जाता जाता ती दारात वळली आणि हसत म्हणाली, "या वेळी पार्किंग मिळेल ना?"

"कसलं पार्किंग?"

"शर्यत संपली की आंटी दर वेळी गर्दीत बघायच्या. मग आम्हाला सांगायच्या, आले असतील ते, पार्किंग मिळालं नसेल."

त्या बिचारीला काही ठाऊक नव्हतं. तिच्या डोक्यात मी तीन वर्षं गाडी घेऊन समुद्रकिनाऱ्याभोवती घिरट्या घालणारा नवरा होतो. मी दार लावलं, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो आणि ओट्याला धरून रडलो. मग मला राग आला. राग येणं मला जमतं. जिना चढून वर गेलो, बेल वाजवली आणि म्हणालो, "माझं नाव घाल. उभं राहायला नव्हे, धावायला. एकवीस किलोमीटर."

तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पोटाकडे. "अंकल, पाच किलोमीटरची पण आहे."

"एकवीस."

बायको जिथं उभी राहून मला शोधायची, तिथवर मला माझ्या पायांनी जायचं होतं. मागणं एवढंच होतं. पण तिथं साडेतीन तासांच्या आत पोचावं लागतं. त्यानंतर रस्ता वाहतुकीला मोकळा करतात आणि मागं राहिलेल्यांना गाडीत घालून आणतात. गाडीतून जायचं असतं तर मला ते तीन वर्षांपूर्वीच जमलं असतं.

पहिल्या दिवशी मी बेसंत नगरच्या किनाऱ्यावर दोन विजेच्या खांबांमधलं अंतर धावलो आणि बाकावर बसलो. एक कुत्रा येऊन माझ्याकडे बघत बसला. तो माझ्यापेक्षा कमी धापा टाकत होता. चेन्नईची हवा पहाटे पाचलाही ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटते. मुलीनं मला वेळापत्रक करून दिलं होतं, त्यात 'एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला' असं होतं. एकसष्टाव्या वर्षी मला कुणी चालायला शिकवतंय याचा मला अपमान वाटला. पण तपासणीवाल्याचा एक गुण असतो, कागदावर लिहिलेलं तो पाळतो. सप्टेंबरात मी न थांबता तीन किलोमीटर धावलो. ऑक्टोबरच्या पावसात बूट घालून जिन्यातच वरखाली केलं. नोव्हेंबरात किनाऱ्यावरून अड्यारच्या पुलापर्यंत जाऊन परत, असे बारा किलोमीटर झाले. पुलावर खाडीचा वास येतो, मासे पकडणारे गळ टाकून बसलेले असतात. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं एकदा मला थांबवून विचारलं, "ती टोपीवाली अम्मा येत नाही हल्ली?" मी सांगितलं. त्यानं गळ खाली ठेवला आणि हात जोडले. ती विचित्र टोपी दुसऱ्या दिवसापासून मी घालायला लागलो.

घरी मी अम्माला सांगितलं होतं की फिरायला जातो. वर्ष अजून सरलेलं नाही, घरात तिची मुलगी गेल्याचं सुतकी वातावरण, आणि जावई अर्ध्या चड्डीत समुद्रावर धावतोय, हे तिला कसं सांगायचं? शिवाय मला वाटत होतं की सांगायची वेळच येणार नाही. बायको डिसेंबरच्या मध्यावर गेलेली. वर्षश्राद्ध तिथीनं असतं, चार दिवस इकडे तिकडे होतील, पण डिसेंबरात उरकेल. वाध्यार आधी फोन करतीलच. शर्यत जानेवारीत. सगळं मापात बसत होतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी मी सोळा किलोमीटर धावलो. तोवरची माझी सर्वांत मोठी मजल. आनंदाच्या भरात कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसून मी दोन कांदा उत्तप्पे खाल्ले आणि वर कॉफी प्यायलो. संध्याकाळी मिरजेहून माझ्या बहिणीचा फोन आला. हळू आवाजात तिनं विचारलं, "झालं का रे नीट सगळं?"

"काय नीट?"

"श्राद्ध. आज मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा. वहिनींची तिथी ना आज?"

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर तीन कॅलेंडरं लटकतात. एक मराठी, बहीण दर वर्षी पोस्टानं पाठवते ते. एक तमिळ, रोज एक पान फाडायचं असतं ते. आणि एक बँकेचं, इंग्रजी. फोन हातात धरूनच मी आत गेलो. तमिळ कॅलेंडरचं पान अम्मानं फाडलेलं होतं. मराठी कॅलेंडर मागच्या वर्षीचंच होतं आणि त्याचं पान डिसेंबरवरच होतं. बहिणीनं पाठवलेलं नवीन कॅलेंडर नळीसारखं गुंडाळलेलं, वर कपाटावर पडलेलं. आमच्या घरात या तिन्हींचा मेळ घालणारी एकच व्यक्ती होती. कुठला सण कुणाच्या पंचांगानं, कुठला उपास कधी, हे ती मला नुसतं सांगायची आणि मी नुसता जेवायला बसायचो.

मी वाध्यारना फोन लावला. ते अजिबात गडबडले नाहीत. "सार, तुमचं जानेवारीत आहे. माझ्या वहीत लिहिलेलं आहे."

"पण आमच्या पंचांगाप्रमाणे आज झालं ते!"

"तुमचा महिना चंद्रावर चालतो, आमचा सूर्यावर. आमची मार्गळी अजून लागलीसुद्धा नाही. ती लागल्यावर ही तिथी जानेवारीत येते. तुम्ही स्वतः मला मार्गळी म्हणून सांगितलंत, म्हणून मी तसं धरलं."

"कुठल्या दिवशी?"

पानं उलटल्याचा आवाज आला. "पहिला रविवार."

आयुष्यभर लोकांच्या चुका काढल्या, आणि ही खोट सर्वस्वी माझी होती. मराठी माणूस, तमिळ महिना सांगून मोकळा झालो आणि इंग्रजी तारखेवर विसंबून राहिलो. अम्मा बाल्कनीत वाती वळत बसली होती. तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणालो, "अम्मा, आज मी कांदा उत्तप्पा खाल्ला. दोन."

तिनं हातातली वात वळून तबकात ठेवली. मग म्हणाली, "ती कुठें गेली?"

"इथं. याच घरात."

"मग इथलंच पंचांग. जानेवारींत करूं. तुम्ही कसे आहांत तें तिजला ठाऊक आहे."

मला जरा हायसं वाटलं. म्हटलं, आता उरलेलंही सांगून टाकावं. "आणखी एक आहे."

"धावूं लागलांत, तें?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"फिरून आलेल्या माणसाचा बनियन पिळला तर बादली भरत नाही, माप्पिळ्ळै."

पण शर्यत त्याच रविवारी सकाळी आहे म्हटल्यावर तिचा चेहरा बदलला. "श्राद्धाच्या दिवशीं? कर्त्यानें उपाशी, शुचिर्भूत राहायचं सोडून रस्त्यांत धावायचं?" वातींचं तबक उचलून ती आत गेली. दोन दिवस ती माझ्याशी 'जेवा' याखेरीज एक शब्द बोलली नाही. तिचं चूक होतं असं मला वाटेना. तिच्या एकुलत्या एक मुलीचं पहिलं श्राद्ध. ते नीट व्हावं, याखेरीज तिला या जगात काही हवं नव्हतं. मी मनाशी ठरवलं की शर्यत सोडायची. वर जाऊन त्या मुलीला तसं सांगूनही आलो. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि पहाटे पाय आपले आपण बूट शोधायला लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी अम्मानं माझ्यासमोर कॉफी ठेवली आणि समोर बसली. कारखान्यात चौकशी समिती बसायची, तशी.

"तें किती वाजतां संपतें?"

"मला साडेआठ होतील."

"ब्राह्मण केव्हां येणार?"

"साडेअकराला."

"उपाशी धावायला येतें कां?"

"नाही. चक्कर येईल."

"फळ?"

"फळ चालेल. खजूर, केळी."

"ती धावली तीच ही शर्यत?"

"तीच, अम्मा. त्याच नर्सेससाठी."

तिनं कॉफीचा रिकामा पेला उचलला. "सरी, बरं. शास्त्राचं मी बघून घेतें, तुम्ही फळावर धावा. पण एकविसांत एक कमी झालेला मज खपणार नाही."

मग उरलेल्या चार आठवड्यांत माझी तालीम दोघी घ्यायला लागल्या. वरची मुलगी अंतर ठरवायची, अम्मा खाणं. रविवारच्या लांब धावेला मी केळं, चार खजूर आणि मीठ घातलेलं लिंबूपाणी यांवर जायला शिकलो. मुलीनं मला एकदा धावणाऱ्यांची ती चिकट जेलची पाकिटं आणून दिली. ताकदीसाठी असतात, म्हणाली. ती श्राद्धाच्या दिवशी चालतील का, हे मी अम्माला विचारलं. तिनं भिंग काढलं आणि पाकिटावरची बारीक इंग्रजी अक्षरं खालपर्यंत वाचली. तिला इंग्रजी चांगलं येतं. दहा मिनिटांनी भिंग ठेवून ती म्हणाली, "कांदा नाही, लसूण नाही. घ्या." त्या दिवशी घरात वर्षभरात पहिल्यांदा आम्ही दोघं एकाच वेळी हसलो.

शर्यतीचा टी-शर्ट आला. त्याच्या पाठीवर एक पांढरी चौकट होती. ज्यांच्यासाठी धावायचं त्यांचं नाव तिथं लिहायचं. मी पेन घेऊन बसलो, पण नाव लिहायला हात उचलेना. अम्मानं पेन माझ्या हातातून घेतलं, शर्ट पाटावर पसरला आणि तमिळ अक्षरांत, मोठ्या गोल वळणाचं, तिनं आपल्या मुलीचं नाव लिहिलं. मग त्यावर जरा वेळ हात ठेवून बसली. शाई वाळवत होती म्हणा हवं तर.

त्या रविवारी पहाटे मी उठलो तेव्हा अम्माची अंघोळ झालेली होती. श्राद्धाचा स्वयंपाक मडीत करायचा असतो. मडी म्हणजे आपलं सोवळं, फक्त इकडे ते जास्त कडक. आदल्या दिवशी धुतलेलं नऊवारी लुगडं उंच दांडीवर काठीनं वाळत घातलेलं असतं. अंघोळ करून ते नेसलं की स्वयंपाक होईपर्यंत त्या बाईला कुणी शिवायचं नाही. मी लांबूनच नमस्कार केला. तिनं लांबूनच केळं माझ्याकडे सरकवलं.

पाच वाजता शर्यत सुटली आणि पाच मिनिटांत सगळे माझ्या पुढं गेले. वरची मुलगी तर दिसेनाशीच झाली. मला ते अपेक्षित होतं. जे अपेक्षित नव्हतं ते तिसऱ्या किलोमीटरला सुरू झालं. उशिरा सुटलेल्या दहा किलोमीटरवाल्यांचे घोळके मागून यायला लागले, आणि मला ओलांडून जाताना प्रत्येक जण माझ्या पाठीवरचं नाव मोठ्यानं वाचायचा. "चला, यांच्यासाठी!" म्हणून पुढं जायचा. कॉलेजातल्या पोरी, टक्कल पडलेले गृहस्थ, ओरगडमच्या मोटार कारखान्यातल्या कामगारांचा एक अख्खा जथा. मी देवनागरीत लिहिलं असतं तर त्यांतल्या कुणालाही ते वाचता आलं नसतं. अम्माच्या अक्षरात ते सगळ्यांना येत होतं. मी इतका हळू होतो की मला शेकडो लोकांनी ओलांडलं, आणि त्यामुळं किनाऱ्यापासून पुलापर्यंत सगळ्या रस्ताभर तिचं नाव पुकारलं गेलं. माझ्या मंदपणाचा एवढा चांगला उपयोग आयुष्यात कधी झाला नव्हता.

चौदाव्या किलोमीटरला ऊन आलं. सतराव्याला उजवी पोटरी धरली. मी पुलाच्या कठड्याला टेकून उभा राहिलो. वेळ बघितली, आता चालत गेलो तर गाडीत बसावं लागणार हे स्पष्ट दिसत होतं. तेव्हा मनात बायको वगैरे काही आली नाही, खरं सांगतो. आली ती अम्मा. एकविसांत एक कमी झालेला खपणार नाही. मी पोटरी दाबली, खिशातलं कांदा नसलेलं पाकीट फाडून तोंडात पिळलं आणि त्या बाईला मनातल्या मनात शिव्या देत पुन्हा धावायला लागलो.

साडेतीन तासांना अकरा मिनिटं कमी असताना मी शेवटची रेषा ओलांडली. कुणीतरी गळ्यात पदक घातलं, कुणीतरी पाणी दिलं. आणि मी मान वळवून गर्दीत बघितलं. मला कुणाला शोधायचं नव्हतं, कुणी येणार नव्हतं. पण रेषा ओलांडली की मान आपली आपण वळते, हे मला त्या दिवशी कळलं. तीनदा तिची अशीच वळली होती.

गर्दीत एक मोकळं वर्तुळ होतं. वर्तुळाच्या मध्ये एक प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीवर आमचा घरचा लाकडी पाट आणि पाटावर नऊवारी लुगड्यात अम्मा. शेजारी वरची मुलगी गळ्यात पदक घालून, दोन्ही हात पसरून उभी होती आणि येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होती, "जरा लांबून, प्लीज, जरा लांबून." आपली शर्यत संपवून ती घरी गेली होती आणि अम्माला रिक्षातून घेऊन आली होती. रिक्षातही पाट, त्यावर अम्मा. कल्पना अम्माचीच.

मी लंगडत जवळ गेलो.

"लांब राहा," अम्मा म्हणाली. "शिवूं नका."

मी चार हातांवर उभा राहिलो. घाम निथळत होता. "अम्मा, तुम्ही कशाला आलात? स्वयंपाक?"

"पायस झालं. भाज्या चिरून ठेवल्या आहेत." ती माझ्याकडे बघत नव्हती, रेषेकडे बघत होती. अजून दोघंतिघं धापा टाकत येत होते. "तिनें मजही बोलावलं होतं," ती म्हणाली. "तीनदां. अम्मा, ये की, बघ तर खरी, म्हणाली. मी म्हटलं, सकाळीं माझी पूजा असतें, मी मडींत असतें, कशी येऊं?"

हे मला ठाऊक नव्हतं. वर्षभर एकाच घरात राहून आम्ही दोघं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होतो. मला वाटत होतं तिच्या शर्यतीला न गेलेला मी एकटाच. मी नुसता मान हलवत राहिलो.

अम्मा पाटावरून उठली. मुलीनं पसरलेला हात तिनं बाजूला केला, दोन पावलं पुढं आली आणि माझा घामानं भिजलेला हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"अम्मा, तुमची मडी..."

"जाऊं दे. परत स्नान करीन."

आम्ही तिघं रिक्षात दाटीवाटीनं बसून घरी आलो. पाट माझ्या मांडीवर होता आणि अम्मा सीटवर माझ्या खांद्याला टेकून बसली होती. साडेअकराला ब्राह्मण आले, तेव्हा तिचे केस दुसऱ्यांदा ओले होते.